अंधारात ऊब पाहणारी दुर्बीण

आमच्या नांदेड-लातूरकडे हरभऱ्याला घाटे लागले, ज्वारी हुरड्यात आली, की शेतकऱ्याची रात्र घरात जात नाही. माळ्यावर बसायचे, डबा वाजवायचा, बॅटरीचा झोत टाकायचा, मधूनच आरोळी ठोकायची. हीच आपली जागल. रानडुकरांचा कळप एका रात्रीत जे करून जातो ते पाहिल्यावर माणूस काय काय बोलतो, ते इथे सांगण्यासारखे नाही! हल्ली त्या बोलण्यात एक नवी वस्तू येते. परदेशात म्हणे बंदुकीवर अशी दुर्बीण लावतात, की काळोखातले जनावर दिव्यासारखे चमकते. मी बी. ए. झालेला कवी, शास्त्राशी माझा संबंध बेताचाच. पण ही वस्तू समजून घ्यावीशी वाटली.

ही थर्मल दुर्बीण उजेड पाहतच नाही. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून रंगांचा पट्टा पाडला आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला. तेच हे अवरक्त किरण. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे ते सोडत असते. आपल्या अंगातून निघतात ते मुख्यतः १० मायक्रॉनच्या आसपासचे. साध्या काचेतून ते पार होत नाहीत, म्हणून भिंग जर्मेनियमचे लागते आणि किंमत चढते. आत हजारो सूक्ष्म ठिपके असतात. ऊब लागली की त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्र तयार होते. अंशाच्या विसाव्या भागाएवढा फरकही चांगल्या यंत्राला कळतो. चांदण्यांचा उजेड वाढवून दाखवणारी नाइट व्हिजन वेगळी. हिला अमावास्या काय, पौर्णिमा काय!

आता ही आपल्या रानात आणा. हिवाळ्यात गार मातीवर डुक्कर लख्ख उठून दिसेल. उन्हाळ्यात मात्र इथला काळा दगड दिवसभर तापतो आणि सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतो. जमीन आणि जनावर सारखेच उबदार झाले, की जनावर चित्रातून पुसले जाते. धुके, पाऊस आणि दाट तुरीचा आडोसाही तिला नडतो.

खरी भीती वेगळीच आहे. समजा, पडद्यावर आडवे ६४० ठिपके आहेत आणि चौकटीत १०० मीटर रुंदीचे रान मावले आहे. म्हणजे एक ठिपका सुमारे १६ सेंटिमीटरचा. मीटरभर लांबीचे डुक्कर सहा-सात ठिपक्यांत संपले. शेजारच्या बांधावर घोंगडी पांघरून कलंडलेला जागल्या, नाहीतर पाणी द्यायला आलेला आणि दांडावर वाकलेला गडी, तोही एवढाच पांढरा डाग. शिवारात रात्री माणसे असतातच. वीजच रात्री येते, त्याला ती काय करणार?

शिवाय १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पिकाचे नुकसान करणारे जनावर असले, तरी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. काळविटावर हात टाकणाऱ्याला तर तुरुंगच.

पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१८ साली अवनी वाघिणीच्या शोधात हे तंत्र आले होते. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात. उष्णता टिपणारे ड्रोन उडवले, परदेशी जातीची कुत्री आणली, अत्तरही शिंपडले. ती महिनोन्‌महिने हाती लागली नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली आणि ती कशी झाडली, याचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

माझ्या मते बंदूक वगळून ही वस्तू इथे कामाची आहे. नुसती हातात धरायचीही दुर्बीण मिळते. कळप ओढ्यात आहे की बांधावर आलाय, हे आधी कळले तर डबा कुठल्या अंगाने वाजवायचा ते ठरवता येईल. एकट्याच्या खिशाला ती परवडणारी नाही. चार-पाच जागल्यांनी वर्गणी काढून घेतली तर जमेल.