दमदार फोन, डळमळता प्लॅटफॉर्म: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर, प्रधान पार्कच्या आसपास मोबाइल घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. रॅम किती? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा? बॅटरी दिवसभर पुरेल का? जुना फोन दिला तर किती वजा कराल? फोन कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो हे फारसं कुणी विचारत नाही, कारण अँड्रॉइड आणि आयफोन सोडून तिसरं काही काउंटरवर नसतंच.

दहा-बारा वर्षांपूर्वी तसं नव्हतं. तेव्हाच्या बाजारात सिम्बियनवरचे नोकिया होते, विंडोजवरचे लुमिया होते, ब्लॅकबेरी होता, थोडं पुढे टायझेनवरचे सॅमसंगही आले. त्यांतले काही फोन त्या काळातले सर्वांत ताकदवान म्हणावेत असे होते. तरीही ते ज्या प्लॅटफॉर्मवर उभे होते, ते सगळे गेले. प्लॅटफॉर्म म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्या आधाराने चालणारं सगळं: ॲप, ती लिहिणारी माणसं, अपडेट, सुटे भाग आणि जुना फोन विकताना मिळणारी किंमत. ते का गेले याची जी सोपी उत्तरं आपण एकमेकांना देत आलो, त्यांतली बरीच अर्धवट आहेत.

गैरसमज १: फोन जबरदस्त असला की प्लॅटफॉर्म कोणताही चालतो.

वस्तुस्थिती: नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू हा फोन फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनात जाहीर झाला. त्याचा कॅमेरा ४१ मेगापिक्सेलचा होता. इतर कंपन्यांचे बहुतेक महागडे फोन तेव्हा आठ मेगापिक्सेलवर होते. पण हा फोन सिम्बियनवर चालत होता, आणि सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनकडे जाण्याचा निर्णय खुद्द नोकियानेच वर्षभर आधी, फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर केला होता. ज्या घराला मालकानेच रामराम ठोकला, तिथे ॲप लिहायला कोण येणार? जानेवारी २०१३ मध्ये नोकियाने सांगून टाकलं की ८०८ हाच सिम्बियनवरचा शेवटचा फोन.

त्यानंतरचा लुमिया ९२० सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झाला. हलत्या हातातही फोटो स्थिर ठेवणारी लेन्स आणि वायरशिवाय चार्जिंग या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. आयफोनला वायरशिवाय चार्जिंग मिळायला २०१७ उजाडलं. भारतात लुमिया ९२० जानेवारी २०१३ मध्ये ३८,१९९ रुपयांना विकायला आला. यंत्र म्हणून त्यात खोट काढणं अवघड होतं. त्याच वर्षी ४१ मेगापिक्सेलचा लुमिया १०२० आला. तरीही विंडोज फोनचा वाटा वर्षभराच्या जागतिक विक्रीत कधी पाच टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही.

गैरसमज २: ॲप कमी होती, एवढंच कारण. संख्या वाढली असती तर फोन चालले असते.

वस्तुस्थिती: संख्या वाढली होती. ब्लॅकबेरी १० ही नवी प्रणाली जानेवारी २०१३ मध्ये बाजारात उतरली तेव्हाच तिच्याकडे ७० हजार ॲप असल्याचा दावा होता. विंडोज फोनची ॲप पुढे तीन लाखांवर गेली. अडचण होती ती हवं ते ॲप, हव्या त्या वेळी नसण्याची. इन्स्टाग्राम विंडोज फोनवर आलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, तेही व्हिडिओशिवाय. यूट्यूबसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतः ॲप बनवलं, तर २०१३ मध्ये गुगलने ते अडवलं. आपल्याकडे नोटाबंदीनंतर ३० डिसेंबर २०१६ ला भीम ॲप आलं, ते आधी अँड्रॉइडवर आणि मग आयफोनवर. नाशिक रोडच्या छापखान्यात रात्रंदिवस नोटा छापल्या जात होत्या आणि बाहेर लोक मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकत होते. नेमक्या त्या वेळी लुमियावाला रांगेबाहेर राहिला.

हे असं का होतं, ते लासलगावच्या कांदा बाजारात पाहिलं की उमगतं. बाजार समितीने आवार कितीही प्रशस्त बांधलं, वजनकाटा कितीही चोख ठेवला, तरी बोली लावायला व्यापारी येत नसतील तर शेतकरी ट्रॅक्टर तिकडे वळवणार नाही. आणि माल येत नाही म्हटल्यावर व्यापारीही फिरकणार नाही. फोनच्या प्लॅटफॉर्मचं गणित तेच. गिऱ्हाईक ॲप पाहून येतं आणि ॲप लिहिणारा गिऱ्हाईक पाहून. नाशिकमधल्या चार-पाच जणांच्या कंपनीकडे एकच ॲप लिहिण्याएवढा वेळ नि पैसा असेल, तर ती ते अँड्रॉइडसाठीच लिहिणार. शंभरातल्या तीन जणांसाठी वेगळं ॲप लिहून ते वर्षानुवर्षं सांभाळणं तिला परवडत नाही.

गैरसमज ३: मोठ्या कंपनीने पैसा ओतला की प्लॅटफॉर्म उभा राहतो.

वस्तुस्थिती: मायक्रोसॉफ्टइतका पैसा कुणी ओतला नसेल. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने नोकियाचा फोन व्यवसाय सुमारे ७.२ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं आणि एप्रिल २०१४ मध्ये तो ताब्यात घेतला. जुलै २०१५ मध्ये त्यापायी ७.६ अब्ज डॉलरचा तोटा तिला वहीत दाखवावा लागला. घेतल्या किमतीपेक्षा बुडीत खातं मोठं निघालं. ब्लॅकबेरीचा झेड १० भारतात ४३,४९० रुपयांना आला आणि साधारण वर्षभरात १७,९९० रुपयांवर उतरला. न खपलेल्या मालापोटी त्या कंपनीने २०१३ मध्ये ९३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडीत दाखवली.

पैशाने कारखाना, जाहिरात आणि दुकानातली जागा विकत घेता येते. विश्वास मात्र वागणुकीतून येतो, आणि तिथे मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. जून २०१२ मध्ये विंडोज फोन ८ जाहीर करताना तिने सांगितलं की जुन्या विंडोज फोनना ही नवी आवृत्ती मिळणार नाही. लुमिया ८०० घेऊन अनेकांना तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मार्च २०१६ मध्ये विंडोज १० मोबाइल मिळणाऱ्या फोनची यादी आली, तेव्हा ज्यांचं एवढं कौतुक झालं ते लुमिया ९२० आणि १०२० त्यात नव्हते. सर्वांत महाग फोन घेणारं, चार लोकांना शिफारस करणारं गिऱ्हाईकच असं दोनदा तोंडघशी पडलं.

गैरसमज ४: भारतात स्वस्त विकलं की काहीही चालतं.

वस्तुस्थिती: स्वस्तातले प्रयोग भारतात भरपूर झाले. लुमिया ५२० आपल्याकडे १०,४९९ रुपयांना आला आणि विंडोज फोनमधला जगभर सर्वाधिक खपलेला फोन ठरला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने छोट्या उपकरणांसाठी विंडोज फुकट केल्यावर मायक्रोमॅक्सने कॅनव्हास विन ६,५०० रुपयांत आणला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवरचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना काढला. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझेनवरचा झेड १ सर्वांत आधी भारतात उतरवला, किंमत ५,७०० रुपये. यांतला एकही प्लॅटफॉर्म आज फोनवर उरलेला नाही. फायरफॉक्स ओएसवर तर अधिकृत व्हॉट्सॲप कधी आलंच नाही, आणि व्हॉट्सॲपशिवाय स्वस्त स्मार्टफोन म्हणजे आपल्याकडे महागडी विजेरी.

मग जिओफोन कसा चालला? तो जुलै २०१७ मध्ये जाहीर झाला. २.४ इंचांचा पडदा, ५१२ एमबी रॅम, बटणांचा कीपॅड आणि १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत. गंमत म्हणजे त्यावरची कायओएस ही बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसमधूनच निघालेली. म्हणजे फोन अशक्त आणि प्लॅटफॉर्मचं मूळही अपयशी. पण जिओने तो स्मार्टफोनशी स्पर्धा करायला उतरवलाच नाही. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता त्यांना तो दिला, सोबत ४जी इंटरनेट दिलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आणलं. गुगलनेही त्या वर्षी कायओएसमध्ये २.२ कोटी डॉलर गुंतवले. मात्र याच जिओने २०२१ मध्ये खराखुरा स्मार्टफोन, जिओफोन नेक्स्ट, काढला तेव्हा त्याची प्रगती ओएस अँड्रॉइडवरच बेतलेली होती.

गैरसमज ५: एका फोनच्या बळावर प्लॅटफॉर्म सावरणं अशक्यच.

वस्तुस्थिती: हे दुसरं टोक झालं. २००९ मध्ये खुद्द अँड्रॉइडच चाचपडत होतं. पहिला अँड्रॉइड फोन येऊन वर्ष झालं होतं आणि आयफोनपुढे तो फिका पडत होता. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मोटोरोला ड्रॉइड आला आणि चित्र पालटू लागलं. त्यात गुगलचं रस्ता दाखवणारं नॅव्हिगेशन फुकट होतं आणि व्हेरिझॉन या बड्या मोबाइल कंपनीची जोरदार जाहिरात पाठीशी होती. तेव्हा आयफोन व्हेरिझॉनकडे नव्हता, त्यामुळे तिलाही असा फोन हवाच होता. ड्रॉइडने हवा केली आणि अँड्रॉइड सर्वांना खुलं असल्याने सॅमसंग, एचटीसी यांनी पुढचा पल्ला गाठला.

दुसरं उदाहरण हुआवे या चिनी कंपनीचं. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातल्यावर तिच्या नव्या फोनवरून गुगलच्या सेवा गेल्या आणि चीनबाहेरचा तिचा बाजार कोसळला. पण चीनमध्ये गुगलच्या सेवा मुळातच नव्हत्या, तिथली लोकांची ॲप वेगळीच. त्यामुळे हुआवेची स्वतःची हार्मनीओएस तिथे तगली. काउंटरपॉइंट या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या पहिल्या तिमाहीत तिने चीनमध्ये आयफोनच्या प्रणालीला मागे टाकलं.

दोन्ही ठिकाणी फोन उत्तम होता हे खरं, पण निर्णायक होती ती परिस्थिती. ड्रॉइडच्या वेळी बाजाराचा निकाल लागायचा होता, हुआवेच्या वेळी एक प्रचंड देश वेगळा पडला होता. सिम्बियन, विंडोज फोन आणि ब्लॅकबेरी यांना यांतलं काहीच लाभलं नाही.

गैरसमज ६: आपल्या भाषेतली, स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम आली की लोक आपोआप वळतील.

वस्तुस्थिती: हा प्रयोग मुंबईत झाला आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडस ओएस उभी केली. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर मिळू लागली. मराठीसह अनेक भारतीय भाषा, बोट सरकवून भाषांतर आणि ईमेल पत्त्याशिवाय वापरता येणारा ॲप बाजार अशा सोयी तिच्यात होत्या. तिला प्रतिसाद मिळाला, कारण ती अँड्रॉइडवरच बांधलेली होती आणि लोकांची नेहमीची ॲप तिच्यावर चालत होती. पण २०१४ च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी मिळालीच होती, आणि पुढे चिनी कंपन्यांच्या लाटेत मायक्रोमॅक्स मागे पडली. इंडसने मग ॲप स्टोअरवर भर दिला. कंपनी पुढे फोनपेकडे गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू झालं. २०२३ मध्ये चर्चेत आलेलं आयआयटी मद्रासशी जोडलेलं भारओएसही अँड्रॉइडच्या खुल्या आवृत्तीवरच उभं आहे.

अँड्रॉइडचं हे राज्य निव्वळ गुणवत्तेवर आलं असंही नाही. फोन कंपन्यांवर लादलेल्या अटींसाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला.

गैरसमज ७: प्लॅटफॉर्म बंद पडला तरी फोन चालू आहे तोवर बिघडत नाही.

वस्तुस्थिती: बिघडतं. विंडोज फोनवरचं व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१९ नंतर बंद झालं आणि जानेवारी २०२० मध्ये विंडोज १० मोबाइलचे सुरक्षा अपडेटही थांबले. ४ जानेवारी २०२२ पासून ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनवर साधे कॉल आणि संदेश यांचीही खात्री कंपनीने काढून घेतली. पडदा, बटणं, बॅटरी सगळं ठणठणीत असताना फोन निकामी झाले. त्याआधीच नोकियाचं नाव आणि ब्लॅकबेरी दोन्ही अँड्रॉइडवर परतले होते. इतकंच काय, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये काढलेला सरफेस ड्युओसुद्धा अँड्रॉइडवरच होता.

थोडक्यात, दमदार फोन नव्या, दारं उघडी असलेल्या प्लॅटफॉर्मला वर उचलू शकतो, पण गिऱ्हाईक आणि ॲप लिहिणारे या दोघांनीही पाठ फिरवलेल्या प्लॅटफॉर्मला तारू शकत नाही. हे आजही कामाचं आहे, कारण अपडेट थांबलेला अँड्रॉइड फोनही सावकाश त्याच वाटेने जातो. गुगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचे अपडेट कबूल केले आहेत, पण स्वस्तातल्या फोनची मुदत कित्येकदा याच्या निम्मीही नसते. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणी मोबाइलवरून करायची असते, दुकानदाराला क्यूआर कोडवरून पैसे घ्यायचे असतात, निवृत्त माणसाला बँकेचं ॲप लागतं. म्हणून पुढच्या वेळी मोबाइल घ्यायला जाल तेव्हा रॅम आणि मेगापिक्सेल जरूर विचारा, पण त्याआधी तीन प्रश्न विचारा: अँड्रॉइडची कोणती आवृत्ती आहे, सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील, आणि पडदा फुटला किंवा बॅटरी गेली तर भाग नाशिकमध्ये मिळतो का? या तिन्हींची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर फोन कितीही दमदार असला तरी घेऊ नका.