फौज गेली, मुलूख राहिला

जिंकलेला किंवा ताब्यात आलेला प्रदेश स्वतःच्या सुरक्षेसाठी धरून ठेवावा का, हा वाद निघाला की आपण सिनाई, गोलन अशी नावे घेतो. वाशीमला इतके लांब जायची गरज नाही. वाशीम ज्या वऱ्हाडात येते, तो इंग्रजांनी निजामाशी लढून घेतला नव्हता. तो घेतला संरक्षणाच्या खर्चापोटी. हैदराबाद संस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली कंटिन्जंट नावाची फौज असे आणि तिचा पगार निजामाने द्यायचा. तो थकला, तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कारकिर्दीत, मे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. मालकी कागदोपत्री निजामाचीच राहिली. १८६० च्या तहात तर निजामावरचे सुमारे ५० लाखांचे जुने कर्जही माफ झाले, पण तारण काही सुटले नाही. निजामाचे दिवाण सालारजंग मुलूख परत मागत राहिले. शेवटी नोव्हेंबर १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने सालिना २५ लाखांवर कायमचा पट्टा करून घेतला. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली. ज्या फौजेच्या नावाने मुलूख घेतला ती फौजच उरली नाही, तरी मुलूख इंग्रजांकडेच!

यावर कोणी म्हणेल, निजामाने सही केली होती आणि कारभारही सुधारला. कापूस रेल्वेने मुंबईला जाऊ लागला. पण ज्याची पलटण दाराशी उभी आहे त्याच्यापुढे केलेली सही कितपत राजीखुशीची? आणि चांगल्या वहिवाटीने मालकी मिळत नाही. (वाशीमच्या रयतेला तर दोन्ही वेळा कोणी विचारलेच नाही.) दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धोका खरा असेल तर? युद्ध चालू असताना शत्रूचा प्रदेश व्यापणे कायद्यालाही मान्य आहे. १९०७ चे हेग नियम असा ताबा तात्पुरता धरतात. ताबा संपण्याची अट कोणती आणि ती पुरी झाली हे कोण ठरवणार, इथे खरी गोम आहे. निजामाने १९२० च्या दशकात वऱ्हाड पुन्हा मागितला, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगने १९२६ मध्ये ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ असल्याचे सुनावले. धनको आणि न्यायाधीश एकच. उलट इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेला सिनाई १९७९ च्या तहानुसार १९८२ पर्यंत इजिप्तला परत केला. तिथे लष्कर किती ठेवायचे यावर मर्यादा आल्या, देखरेखीला तिसऱ्यांचे पथक आले. काश्मीरमधली हाजीपीर खिंड १९६६ मध्ये ताश्कंद करारानुसार पाकिस्तानला परत देऊन आपण मात्र फसलो, असे अनेकांना वाटते. ती खंत समजण्यासारखी आहे, पण त्या करारात सिनाईसारखी देखरेख नव्हती, हेही तिच्यासोबत मोजायला हवे.