माकडताप आणि लशीची उजळणी



माकडताप हे नाव आपल्या दोडामार्ग तालुक्यात लहानथोर सर्वांना माहीत आहे. पुष्कळांना वाटते, माकड चावले की हा ताप येतो. तसे नाही. हा ताप गोचीड चावल्यामुळे येतो. माकड बिचारे आपल्यासारखेच आजारी पडते आणि मरते.

हा आजार प्रथम १९५७ साली सापडला. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. तिथे माकडे पटापट मरू लागली आणि जवळच्या गावांत माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तिथे जाऊन नवा विषाणू शोधून काढला. त्याच संस्थेला आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. पुढे २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या दोडामार्गात ही साथ आली.

आता हा ताप कसा पसरतो ते सांगतो. डास चावतो आणि उडून जातो. गोचीड तसे करत नाही. ती अंगाला चिकटून बसते आणि दिवसच्या दिवस रक्त पिते. तिचे पिल्लू तिळाहूनही लहान असते, म्हणून ते दिसतच नाही. विषाणू रानातल्या उंदरांत, चिचुंदऱ्यांत आणि गोचिडींत राहतो. गोचीड माकडाला चावली की माकड मरते. मेलेल्या माकडाचे अंग थंड झाले की गोचिडी खाली उतरतात आणि तिथल्या पातेऱ्यात पसरतात. मग जो कोणी तिथे काजू वेचायला, लाकडे आणायला किंवा पातेरा गोळा करायला जातो, त्याला त्या चावतात. डिसेंबर ते मे हे त्यांचे दिवस. काजूचा हंगामही तेव्हाच असतो. हीच मोठी अडचण आहे.

ताप एकदम चढतो. डोके फार दुखते, अंग मोडून येते, उलट्या होतात. काही जणांना रक्तस्राव होतो. शंभर रोग्यांत तीन ते पाच जण दगावतात. हा विषाणू मारणारे खास औषध नाही. डॉक्टर सलाईन देतात, ताप उतरवतात आणि रोग्यावर लक्ष ठेवतात. पण एका माणसाचा ताप दुसऱ्या माणसाला लागत नाही. म्हणून रोग्याला वाळीत टाकू नये.

मग लस नाही का? लशीची गोष्ट मला फार आवडली, कारण ती आपल्या पाढ्यांसारखी आहे. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या शत्रूशी लढतात. पण नव्या शत्रूची ओळख पटायला त्यांना काही दिवस लागतात आणि तोवर विषाणू वाढतो. लस म्हणजे पेशींना आधीच दिलेला धडा. खरा आजार न देता शत्रूचा चेहरा दाखवायचा.

सुरुवातीला रशियातल्या गोचीडतापाची लस इथे देऊन पाहिली, कारण ते दोन विषाणू एकमेकांच्या नात्यातले आहेत. पण काही उपयोग झाला नाही. चुलत भावाचा फोटो दाखवून चोर सापडत नाही, तसेच झाले! मग खास माकडतापाची लस केली. कोंबडीच्या अंड्यातील पिल्लाच्या पेशींत विषाणू वाढवून तो फॉर्मालिनने मारून टाकत. मेलेला विषाणू आजार देत नाही, चेहरा मात्र दाखवतो.

ही लस कर्नाटकात १९९० पासून देऊ लागले. ७ ते ६५ वर्षांच्या माणसांना ती देत. पहिल्या पाहणीत दोन डोसांनी शेकडा ९३ बचाव झाला. पण मेलेल्या विषाणूचा धडा शरीर लवकर विसरते. एकदा पाठ केलेला सतराचा पाढा सुट्टीत विसरतो ना, तसे. म्हणून सहा ते नऊ महिन्यांनी पुन्हा डोस आणि नंतर दरवर्षी एक डोस घ्यावा लागे. तीच उजळणी. २००५ ते २०१० या काळात पाहिले, तर दोन डोसांचा बचाव शेकडा ६२ भरला. उजळणीचा डोस घेतलेल्यांत तो शेकडा ८३ होता. पुढे लशीची ताकदच पुरेशी भरेना. म्हणून २०२२ साली ती देणे बंद झाले.

आता भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद हैदराबादच्या एका कंपनीबरोबर नवी लस तयार करत आहे. नवी लस लगेच सगळ्यांना देत नाहीत. आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर तपासतात. त्याला वेळ लागतो. घाई केली तर लस कच्ची राहील.

माझी आजी म्हणते, "लस नाय म्हणान काजी जमवूक नाय गेलो, तर आमी खातलो काय?" आजीचे म्हणणे खरे आहे. रान सोडून चालणार नाही. म्हणून आपण एवढे तरी करूया:

१. रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. आरोग्य केंद्रातून तेल मिळाले तर ते उघड्या अंगाला लावावे.
२. पातेऱ्यावर बसू नये, झोपू नये.
३. घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून आंघोळ करावी. कपडेही गरम पाण्यात धुवावेत.
४. मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, काठीने ढोसू नये. ताबडतोब ग्रामपंचायतीला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. मग ते लोक तिथे औषध फवारतात.
५. ताप आला तर अंगावर काढू नये. पहिल्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि "मी रानात गेलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

मेलेले माकड बोलत नाही, पण ते आपल्याला सावध करते. नवी लस येईपर्यंत त्याचा इशारा आपण ऐकला पाहिजे.

– इयत्ता चौथी