हिरड्या तारांमुळे बिघडत नाहीत

जबलपुरात रांझीच्या बाजारात, खमरियाच्या क्वार्टर्समध्ये, शाळेच्या फाटकाशी एकच सल्ला ऐकू येतो: "तारा नका लावू, हिरड्या खराब होतात. पैसे जास्त गेले तरी अलाइनरच घ्या." या भीतीपायी कुणी ऐपतीबाहेर खर्च करून अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, घेतं, तर कुणी मुलीचे वाकडे दात तसेच राहू देतं. तेव्हा हिरड्या तारांमुळे बिघडत नाहीत, हे किती वेळा सांगावं लागलं तरी पुन्हा सांगायलाच हवं.

हिरड्या सुजतात त्या हिरडीच्या कडेला दातावर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू होताच साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या सगळ्यात तारांचा संबंधच नव्हता.

तारांनी सफाई अवघड होते, हे खरं. ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा, दातावर चिकटवलेला तुकडा) आणि हिरडी यांच्यामध्ये दाताची अरुंद पट्टी उरते. घाईत ब्रश ब्रॅकेटवरूनच फिरतो आणि ही पट्टी राहून जाते. तिथे पांढरट थर बसतो, हिरडीची कड लाल होऊन फुगते, मग रक्त दिसतं आणि दोष तारेवर येतो. ब्रश हिरडीकडे तिरका धरून ही पट्टी घासा, तारेखालून बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवा; सूज उतरू लागते.

अलाइनर काढून दात नीट घासता येतात, हा त्याचा खरा फायदा. पण तो दिवसाचे २० ते २२ तास दातांवर असतो. सकाळी पोहे-जिलेबी आणि गोड चहा झाल्यावर चूळही न भरता तो चढवला, तर साखर आत कोंडते आणि ती धुऊन काढणारी लाळ तिथे नीट पोचत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिक्सच्या नियतकालिकात छिब्बर आणि सहकाऱ्यांची तारा आणि अलाइनर यांची तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी अलाइनरवाल्यांच्या हिरड्या थोड्या बऱ्या होत्या. अठरा महिन्यांनी गटांमध्ये फरक उरला नव्हता. मग हिरड्यांच्या नावाखाली महागडा पर्याय गळ्यात का मारायचा?

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"रक्त येतं, म्हणून ब्रश बंद." रक्त हे सुजेचं लक्षण, मऊ ब्रशने घासणं चालूच ठेवा.

"कीटण काढलं की दात हलतात." आधीच सैल झालेला दात कीटणाच्या, म्हणजे दातांवर कडक झालेल्या थराच्या, आधाराने घट्ट वाटत असतो, एवढंच.

"सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत नाही, म्हणजे त्या मजबूत." धूम्रपान रक्त येणं दडपतं, आतून हाड झिजत राहतं.

"चाळिशीनंतर दात सरळ होत नाहीत." होतात, पण हिरड्यांचा आजार आधी आटोक्यात हवा. सुजलेल्या हिरडीतला दात सरकवला, तर हाड वेगाने झिजू शकतं.

म्हणून तारा की अलाइनर हे ठरवण्याआधी हिरड्या तपासून घ्या आणि कीटण काढून घ्या. मग दात किती आणि कुठे सरकवायचेत, मूल अलाइनर दिवसभर घालेल का आणि खिशाला काय झेपेल, यावर निर्णय घ्या. काहीही निवडलं तरी सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटं घासणं चुकणार नाही.