शिखराची पिन नेमकी कुठे?

गैरसमज : नकाशावर नाव आहे तिथेच शिखर.

वस्तुस्थिती : नाव जागा मिळेल तिथे छापतात. शिवाय साल्हेर म्हणजे किल्लाही आणि पायथ्याचं गावही. मोबाइलमधली पिन गावावर पडली, तर माथा राहिला वरच! म्हणून नाव सोडा, समोच्च रेषा बघा. ट्रेकर मंडळी त्यांना कॉन्टूर म्हणतात. एकात एक मिटत गेलेल्या रेषांमधलं सर्वांत आतलं वलय शोधा. माथा त्याच्या आत असतो. पिन वलयाबाहेर, उतारावर दिसली की ती चुकलीच. (वलयाला आतून बारीक दातऱ्या असतील, तर मात्र तो खड्डा.)

पण रेषा सगळंच सांगत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० टोपोशीटवर दोन रेषांमध्ये सह्याद्रीत साधारण २० मीटर उंचीचा फरक असतो. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे शेवटची रेषा १६४०ची. त्यावरून माथा १६४० ते १६६०च्या मधे आहे एवढंच कळतं. वलयात तो नेमका कुठे, यासाठी छापील उंचीबिंदूच बघावा लागतो. आणि या नकाशावर पेन्सिलीचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपकासुद्धा २५ मीटर जमीन झाकतो.

गैरसमज : जुनी टोपोशीट आणि जीपीएस जुळत नाहीत, म्हणजे जुनं सर्वेक्षण चुकलं.

वस्तुस्थिती : जुन्या शीट पृथ्वीच्या आकारासाठी मानलेल्या 'एव्हरेस्ट' या लंबगोलावर बेतलेल्या, जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४'वर. त्यामुळे तेच अक्षांश-रेखांश आपल्याकडे शंभरेक मीटर सरकतात. आधी रूपांतर करा, मग दोष द्या.

फोनवर अक्षांश-रेखांशात दशांशचिन्हापुढे सहा अंक दिसले की लोक भारावतात. ते अंक फोनची अचूकता सांगत नाहीत. मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरची चूक राहतेच.

गैरसमज : अ‍ॅपमधल्या कॉन्टूरशी पिन जुळली, की पडताळणी झाली.

वस्तुस्थिती : अनेक अ‍ॅपमधल्या रेषा प्रत्यक्ष सर्वेक्षणातून आलेल्या नसतात. फेब्रुवारी २०००मध्ये 'एंडेव्हर' अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीवरून त्या संगणकाने काढलेल्या असतात. त्या मोजणीत सुमारे ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. रुंद पठाराला ते चालतं. वानरलिंगीसारखा सुळका मात्र त्यात बुटका होतो, कधी रेषांमधून गायबच होतो. अशा ठिकाणी अ‍ॅपमधल्या रेषेपेक्षा टोपोशीटवरचा उंचीबिंदू ग्राह्य धरावा.