‘सर्व्हर डाऊन’च्या आधीची घंटा

सातबारा, जातीचा दाखला किंवा पीकविम्याचा अर्ज घेऊन सेवा केंद्रात आलेल्या माणसाला चंद्रपूर-गडचिरोलीत दोन शब्द वारंवार ऐकावे लागतात : ‘सर्व्हर डाऊन’. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वाया जाते आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर अर्जच राहतो. दोष दर वेळी सर्व्हरचाच असतो असे नाही. तुटलेली केबल किंवा गेलेली वीजही कारणीभूत असू शकते. मात्र सर्व्हर खरोखरच कोलमडतो, तेव्हा त्याची डिस्क वा मेमरी अनेकदा आधीपासूनच भरत आलेली असते. ते वेळीच कळावे, यासाठी देखरेख प्रणाली असते.

तिचे तत्त्व पूरनियंत्रणासारखेच आहे. नदीसाठी इशारा पातळी आणि धोका पातळी अशा दोन रेषा ठरवल्या जातात. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा संपर्क तुटतो. तेव्हा धावपळ करून उपयोग नसतो. सर्व्हरवरही अशाच दोन रेषा आखतात. नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस यांसारख्या मुक्त प्रणाली ठरावीक अंतराने मोजमाप घेतात आणि रेषा ओलांडली की संदेश पाठवतात.

डिस्कसाठी ८० आणि ९० टक्के या रूढ रेषा. पण नुसती टक्केवारी फसवी असते. ५०० जीबीच्या डिस्कवर ८० टक्क्यांनंतर १०० जीबी उरतात. रोज २ जीबी भर पडत असेल तर ५० दिवस हाती आहेत. अर्जांच्या गर्दीत ती २५ जीबीवर गेली तर अवघे चार. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. तंत्रज्ञ आणि सुटा भाग पोहोचायला लागणारा वेळ धरूनच रेषा खाली आणावी लागते. शहरातला आकडा येथे जसाच्या तसा चालत नाही.

मेमरीचे गणित वेगळे. लिनक्स रिकामी मेमरी फायलींची प्रत ठेवण्यासाठी वापरून घेते, त्यामुळे ‘मोकळी’ मेमरी कमी दिसणे हा आजार नव्हे. पाहायची ती ‘उपलब्ध’ मेमरी. ती घटून डिस्कवरील स्वॅपचा वापर सतत वाढू लागला की यंत्र मंदावते, आणि अखेरीस लिनक्स एखादा प्रोग्राम स्वतःच बंद पाडते. अनेकदा नेमका डेटाबेसच बळी पडतो. डिस्कमध्ये जागा असूनही वाचन-लेखनाला लागणारा वेळ वाढत असेल, तर तोही मोजायला हवा.

क्षणभराच्या उसळीवर घंटा वाजू नये, म्हणून स्थिती पाच-दहा मिनिटे टिकली तरच संदेश जावा अशी अट घालतात. रोज पन्नास संदेश आले की एक्कावन्नावा कोणी उघडत नाही. शिवाय देखरेख करणारे यंत्र त्या सर्व्हरबाहेर, शक्यतो दुसऱ्या जोडणीवर असावे. अन्यथा केबल तुटली की संदेशही अडकतो. मोजमाप येणेच थांबले, तर त्या शांततेचीही घंटा वाजावी, अशी सोय या प्रणालींत असते. ती चालू ठेवावी लागते, एवढेच.