जुनी राहुटी घेताना

माळेगावची खंडोबाची यात्रा (ता. लोहा) भरते मार्गशीर्षात. उमरीहून सहा-सात जणांचं बिऱ्हाड मुक्कामाला निघालं, की जुनी पण मोठी राहुटी परवडते. झोपलेल्या माणसाला साधारण दोन फूट रुंदी लागते. म्हणजे १२ बाय १२ फुटांत सहा जण एका ओळीत मावतात आणि पायथ्याशी बोचक्यांना जागा उरते. चूल मात्र बाहेरच. बंद राहुटीत धुरापेक्षा न दिसणारा विषारी वायू घातक.

पैसे देण्याआधी राहुटी उभी करून दाखवायला सांगा. घडी पाहून सौदा करणं म्हणजे बैलाचे दात न पाहता दावं हातात घेणं! आत जाऊन दार लावून घ्या, उन्हात भोकं चांदण्यांसारखी दिसतात. कापड दोन्ही चिमटीत धरून ओढा. कुजलेलं असेल तर टरकन फाटेल. काळे ठिपके, कुबट वास ही बुरशी. ती धुऊन पूर्ण जात नाही. पाइपांचे सांधे गंजून अडकलेत का, तेही पाहा. खुंट्या-दोऱ्या कमी असल्या तरी चालेल, त्या बाजारात मिळतात. सांगाड्याचा जुना सांधा मिळणं अवघड.

सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगतात, छिद्रं बुजतात. म्हणून पहिल्या मुक्कामाआधी अंगणात एकदा भिजवून कडक वाळवा. धुण्याची पावडर लावू नका. ओली घडी घातलीत, तर पुढच्या वर्षी बुरशीच उलगडाल.